निखाऱ्यावरची फळे आणि गार साय

वैशाख-ज्येष्ठातील बडोद्याची दुपार कशी असते, हे बडोदेकरांना नव्याने सांगावयास नको. पारा ४० अंशांच्या वर चढलेला असतो, रावपुरा आणि दांडिया बाजारातील वर्दळ मंदावलेली असते आणि घरोघरी पडदे ओढून माणसे आडवी झालेली असतात. परंतु नेमक्या याच दिवसांत आपल्या घरी पाहुण्यांची ये-जा अधिक. मुलांना सुट्या लागलेल्या असतात, लग्नसराई असते, पुण्याहून वा इंदूरहून आप्तमंडळी आलेली असतात. संध्याकाळी पाने घेण्याची वेळ जवळ आली की जेवणात गोड काय करावे, हा प्रश्न गृहिणीपुढे दत्त म्हणून उभा राहतो.

आपल्या पक्वान्नांची यादी लहान नाही. बासुंदी आहे, पुरणपोळी आहे, गुलाबजाम आहेत. या सर्वांविषयी आमच्या मनात आदरच आहे. तथापि दोन लिटर दूध आटून बासुंदीच्या वळणावर येईपर्यंत त्यापाशी कोणी तरी उभे असावे लागते, आणि ते कोणी म्हणजे कोण, हे सर्व घरांना ठाऊक आहे. मे महिन्यात चुलीपुढे तास-दीड तास काढून जी घामाघूम होते, तीच पुढे वाढावयास उभी राहते आणि सर्वांची जेवणे उरकल्यावर पातेल्याच्या तळाशी उरलेली बासुंदी आपल्या वाटीत ओतून घेते. उन्हाळ्यातील गोड पदार्थाचा विचार करताना आम्हाला त्याच्या चवीइतकाच या शेवटच्या वाटीचाही विचार करावासा वाटतो.

यास्तव आज आम्ही वाचकांपुढे एक असा पदार्थ ठेवीत आहोत, की जो वीस मिनिटांत होतो, ज्याला आटवणे-घोटणे लागत नाही आणि जो करणारीलाही सर्वांबरोबर बसून खाता येतो. पिकलेली पण घट्ट फळे जाळीवर अथवा कडकडीत तापलेल्या तव्यावर भाजावयाची आणि ती कोमट असतानाच गार साईबरोबर वाढावयाची, एवढाच त्याचा विधी आहे.

अग्नी आणि फळ

फळे भाजावयाची, हे ऐकून काही भगिनी भुवया उंचावतील. परंतु वस्तुतः ही गोष्ट आपणांस अपरिचित नाही. पन्ह्यासाठी कैरी उकडतात तशी ती निखाऱ्यावर भाजतातही, आणि भाजलेल्या कैरीच्या पन्ह्याला जो एक खमंग धुरकट वास येतो, तो उकडलेल्या कैरीला येत नाही, हे जाणकार सांगतील. उपवासाचे रताळे राखेत खुपसून भाजण्याची चाल जुनीच. फळ आणि दूध यांची जोडीही आपल्या घरात शिकरणीच्या रूपाने नित्य नांदते. आपण एवढेच केले नाही, की पिकलेले गोड फळ निखाऱ्यावर ठेवले नाही.

ते धाडस इतरांनी केले आहे. ब्राझीलमध्ये निखाऱ्यावर भाजण्याचे पदार्थ देणारी जी भोजनगृहे असतात, तेथे साखर व दालचिनी माखलेला अननस सळईवर खोवून भाजतात आणि त्याचे पातळ काप ताटात उतरवून देतात. अननस मूळचा त्याच दक्षिण अमेरिकेचा. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर तो आपल्या किनाऱ्यावर उतरला आणि त्याचे नावही पोर्तुगीजांच्याच तोंडून आपल्या भाषेत आले. पाहुणा आपण घरचा केला, पण त्याच्या माहेरची ही एक रीत मात्र मागेच राहून गेली.

एक फजिती आणि तिचे कारण

या पदार्थाकडे आम्ही वळलो ते एका फजितीमुळे. काही वर्षांपूर्वी आमच्या घरी दहा-बारा पाने व्हावयाची होती. ऐन वेळची धावपळ नको म्हणून सकाळीच एक सुरेख अननस चिरला, साखर घातलेल्या साईत त्याच्या फोडी कालवल्या आणि पातेले फ्रिजमध्ये ठेवून दिले. रात्री पाने वाढली, पहिला घास घेतला, आणि पाहुण्यांच्या चेहऱ्यावर जे भाव उमटले ते आम्ही अद्याप विसरलो नाही. साय पातळ होऊन फुटली होती आणि सारे पातेले कडू झाले होते.

आमच्या आत्याबाई पंगतीला वाढीत होत्या. त्या म्हणाल्या, “दुधात आंबट फळ घालू नये म्हणून आम्ही कानीकपाळी ओरडत असतो, ते काही उगीच नव्हे हो!” त्यांचे म्हणणे निराधार नव्हते. चरकसंहितेत विरुद्ध आहाराची जी चर्चा आहे, तीत आंबट फळे व दूध यांचा संयोग वर्ज्य सांगितला आहे. मात्र गोड, पिकलेल्या आंब्याचा दुधाशी योग भावप्रकाशाने गुणकारी मानला आहे. तेव्हा सरसकट सर्व फळांवर बंदी, असा अर्थ आपल्या जुन्या ग्रंथांतूनही निघत नाही.

अननसाचा दोष मात्र निव्वळ आंबटपणाचा नाही. त्याच्या रसात ब्रोमेलिन नावाचे एक पाचक द्रव्य असते. ते प्रथिने फोडते. साईत ते तासन् तास राहिले म्हणजे दुधातील प्रथिनांचे लहान लहान तुकडे होतात आणि त्यांतील काही तुकडे चवीला कडू असतात. कच्च्या पपईत पपेन असते, तेही याच जातीचे. परंतु या द्रव्यांना उष्णता सोसत नाही. फळ आतपर्यंत चांगले तापले, की ब्रोमेलिन निकामी होते. डब्यातला अननस साईत घातला तर कडू का होत नाही, याचे कारण हेच: डबा बंद करताना तो उष्णतेतून गेलेला असतो. म्हणजे ज्या अननसाने आमची फजिती केली, तोच आधी निखाऱ्यावर ठेवला असता तर साईशी गोडीने वागला असता.

भाजण्याने आणखीही एक काम होते. अननसात शेकडा ८६ च्या आसपास पाणीच असते, आंब्यात ८३ च्या आसपास आणि केळ्यात ७५. आच लागली की वरच्या थरातील पाणी उडून जाते व साखर दाट होते. फळातील साखरेपैकी फ्रुक्टोज सुमारे ११० अंशांवर आणि आपली नेहमीची साखर सुमारे १६० अंशांवर करपू लागण्याच्या आधीच्या त्या तांबूस, खमंग अवस्थेत येते. ओल्या पृष्ठभागाचे तापमान १०० अंशांच्या वर फारसे जात नाही, म्हणून फळ भाजण्यापूर्वी टिपून कोरडे करावयाचे. हे एक पथ्य पाळले नाही, तर फळ भाजले न जाता नुसते शिजते. बाजारातून हौसेने आणलेले फळ कापल्यावर अळणी किंवा किंचित आंबट निघाले, तरी निराश होऊ नये. अशी बेताची फळेच या पदार्थाला अधिक मानवतात. उत्तम आंबा हा नुसता खावा.

आपल्या हाताशी असलेली दोन रत्ने

या बाबतीत बडोदेकरांइतके भाग्यवान थोडेच. एका बाजूस गिरनारच्या परिसरातला केसर आंबा. त्याच्या गराचा रंग पाहून जुनागडचे नबाब महाबतखान तिसरे यांनी १९३४ मध्ये त्याला हे नाव दिले आणि २०११ मध्ये त्याला भौगोलिक मानांकनही लाभले. हापूस श्रेष्ठ की केसर, हा वाद आपल्या घरोघरी दर वर्षी रंगतो. कोकणाशी नाते सांगणाऱ्या मंडळींचा रोष ओढवून घेण्याची आमची इच्छा नाही. परंतु जाळीवर ठेवावयास जो घट्टपणा लागतो, तो बेताच्या पिकलेल्या केसरमध्ये असतो. तोतापुरीही चांगला टिकतो. रसाचा पायरी मात्र या कामी निरुपयोगी.

दुसऱ्या बाजूस, सुमारे ४० किलोमीटरवर, आणंद. उन्हाळ्यात हिरवा चारा कमी होतो, गुरांचे दूध आटते, आणि म्हणून पूर्वी या दिवसांत साय ताटात येणे ही मोठी चैन होती. जी काही साय निघे ती तुपासाठी राखून ठेवावयाची, हा घरोघरीचा शिरस्ता होता. उलट हिवाळ्यात दूध उदंड होई, पण शेतकऱ्याच्या जादा दुधाला गिऱ्हाईक नसे. १९४६ मध्ये त्रिभुवनदास पटेल यांच्या पुढाकाराने खेडा जिल्ह्यातील दूध उत्पादकांचा सहकारी संघ उभा राहिला. १९४९ मध्ये वर्गीस कुरियन आणंदला आले. म्हशीच्या दुधाची भुकटी होऊ शकत नाही, असे तज्ज्ञांचे मत असता हरिचंद मेघा दलाया यांनी ती करून दाखविली आणि १९५५ मध्ये तिचा कारखाना आणंदला सुरू झाला. हिवाळ्यातील दूध उन्हाळ्यासाठी राखून ठेवण्याची सोय झाली. पुढे १९७० मध्ये ‘दुधाचा महापूर’ योजना देशभर निघाली. आज भर ज्येष्ठात कोपऱ्यावरच्या दुकानात सायीची पेटी मिळते, तिच्यामागे हा एवढा इतिहास आहे.

फळांची निवड

खंडेराव मार्केटमध्ये फळे घेताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. वास पिकलेल्या फळाचा, पण स्पर्श घट्ट, असे फळ घ्यावे. अंगठ्याने हलकेच दाबले असता जे खोल दबते, ते जाळीवर विरघळून निखाऱ्यात पडेल.

अननस यात सर्वांत भरवशाचा. केळी पिवळीधमक घ्यावीत, काळ्या ठिपक्यांची नकोत. चिकू चालतो, पण तो मुळातच फार गोड असल्याने त्याला साखर मुळीच लावू नये व मिनिटभरापेक्षा अधिक ठेवू नये. मे-जूनमध्ये डोंगराळ मुलखातून आडू आणि आलुबुखारे येतात. बिया काढून त्यांचे दोन भाग करून भाजले असता त्यांची आंबटगोड चव साईला फार शोभते. कलिंगड व खरबूज यांत पाणी फार. ती आपली गार चिरून खावीत.

साय कशी असावी

घरची साय वापरावयाची असेल तर म्हशीचे दूध तापवून, निववून, रात्रभर फ्रिजमध्ये ठेवावे आणि सकाळी वर आलेली जाड साय काढून घ्यावी. दोन दिवसांची साय साठवली तरी चालते, मात्र ती गोडी असावी, विरजलेली नसावी. वाढण्यापूर्वी चमचा-दोन चमचे गार दूध घालून ती चमच्याने हलक्या हाताने सारखी करावी. रवीने घुसळण्याचा मोह टाळावा, कारण उन्हाळ्यात साईचे लोणी होण्यास वेळ लागत नाही.

बाजारी साय घ्यावयाची तर पेटीवर स्निग्धांशाचे प्रमाण वाचावे. शेकडा २५ स्निग्धांशाची साय ओतण्यास उत्तम, पण ती फेटून घट्ट होत नाही. त्यासाठी ३० ते ३५ चे प्रमाण लागते. आम्ही याला एक घरगुती तोड काढली आहे. दोन भाग साईत एक भाग चक्का मिसळावा. चक्क्याने साईला अंग येते, किंचित आंबटपणाने तिचा जडपणा जातो, आणि श्रीखंडाची सवय असलेल्या आपल्या जिभेला ही चव परकीही वाटत नाही.

साहित्य (सहा जणांकरिता)

घट्ट पिकलेले केसर आंबे ३, मध्यम अननस १, केळी ३, गार साय १ मोठी वाटी, चक्का अर्धी वाटी, पिठीसाखर २ मोठे चमचे, शिवाय फळांवर भुरभुरण्यापुरती, साजूक तूप १ मोठा चमचा, जायफळाची पूड चिमूटभर, मीठ चिमूटभर, हवे असल्यास मूठभर भाजलेले बदामाचे काप.

कृती

प्रथम चक्का पुरणयंत्रातून अथवा चाळणीतून काढून गुठळ्या मोडाव्यात. त्यात साय, पिठीसाखर, जायफळ व मीठ घालून एकजीव करावे आणि भांडे फ्रिजमध्ये ठेवावे. हे काम दुपारीच करून ठेवता येते.

अननस सोलून, डोळे काढून त्याच्या अर्धा इंच जाडीच्या चकत्या कराव्यात व मधला कठीण गाभा काढून टाकावा. आंब्याचे कोयीच्या दोन्ही बाजूंचे जाड काप साल न काढता घ्यावेत आणि गरावर सुरीने उभ्या-आडव्या रेघा माराव्यात, मात्र सुरी सालीपर्यंत जाऊ देऊ नये. केळी सालीसकट मधोमध उभी चिरावीत. साल असल्यामुळे केळे व आंबा उचलावयास सोपे जातात आणि मोडत नाहीत. सर्व फळे स्वच्छ फडक्याने टिपावीत व कापलेल्या बाजूस बोटाने तुपाचा पुसट हात फिरवावा.

बिडाचा तवा असल्यास तो मोठ्या आचेवर चार-पाच मिनिटे तापवावा. पाण्याचा थेंब टाकताच तो उड्या मारीत नाहीसा झाला की तवा तयार झाला असे समजावे. कोळशाची शेगडी असल्यास ज्वाळा विझून निखाऱ्यांवर राखाडी पापुद्रा आल्यावर जाळी ठेवावी. धूर येत असताना फळ ठेवू नये, त्यास कोळशाचा वास लागतो.

आधी अननस ठेवावा. त्याला दर बाजूस तीन ते चार मिनिटे लागतात. कडेने रस खदखदू लागला पाहिजे, म्हणजे उष्णता आतपर्यंत पोहोचली आणि ते ब्रोमेलिन निकामी झाले असे मानावयास हरकत नाही. मग आंबा कापलेली बाजू खाली करून दोन मिनिटे. शेवटी केळी, आधी कापलेली बाजू दीड मिनिट, मग सालीची बाजू दोन मिनिटे. फळ एकदा ठेवले की ते हलवू नये. आच पुरेशी असेल तर भाजले गेलेले फळ आपणहून सुटते. ओढून काढावे लागले तर ते अद्याप झाले नाही असे समजावे. साखर भुरभुरावयाची ती अगदी अखेरच्या अर्ध्या मिनिटात, अन्यथा ती जळून कडू होते.

फळे ताटात काढून दोन-तीन मिनिटे तशीच राहू द्यावीत. कढत फळावर साय घातली तर तिचे पाणी होते. फळ कोमट आणि साय गार, हाच या पदार्थाचा मेळ आहे. प्रत्येकाच्या बशीत तीन प्रकारचे काप, शेजारी डावभर साय आणि वर बदामाचे काप. भाजलेला अननस असला तरी तो साईत कालवून ठेवू नये, वाढतानाच दोहोंची गाठ घालून द्यावी.

काही सावधगिरीच्या सूचना

कोळशाची शेगडी नेहमी अंगणात, गच्चीवर किंवा मोकळ्या ओसरीतच पेटवावी. बंद खोलीत कोळशातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू साठतो. त्याला ना रंग ना वास, म्हणून तो अधिक घातक. न चिकटणारे लेप दिलेले तवे रिकामे असताना अशा कडक आचेवर तापवू नयेत. साईचे भांडे बर्फाच्या परातीत ठेवावे आणि या दिवसांतील उष्म्यात ती तासाभराहून अधिक वेळ बाहेर राहू देऊ नये. उरल्यास लगेच फ्रिजमध्ये ठेवावी व दुसऱ्या दिवशी संपवावी. मधुमेही मंडळींनी साखर वगळली तरी फळांची साखर असतेच, हे विसरू नये. अननसाची एखादी चकती आणि चमचाभर साय, एवढ्यावर त्यांनी समाधान मानावे.

अंगणातील पंगत

आमच्या त्या फजितीनंतरच्या उन्हाळ्यात पुन्हा तशीच मंडळी जमली होती. या वेळी जेवणे झाल्यावर शेगडी अंगणात मांडली. मुलांनी पंख्याने निखारे फुलवले, पुरुष मंडळींनी चिमटे हाती घेतले. आत्याबाई नेहमीप्रमाणे वाढावयास उठल्या, तेव्हा सगळ्यांनी मिळून त्यांना शेगडीपासून दूर, वाऱ्याच्या बाजूस खुर्चीवर बसविले. “अहो, पण वाढणार कोण?” असे त्या दोन-तीनदा म्हणाल्या. वाढावयाचे असे काही नव्हतेच. जो तो जाळीवरून आपला काप उचलीत होता आणि साईचे भांडे हातोहात फिरत होते. पहिली बशी आत्याबाईंच्या हाती दिली. दातांच्या तक्रारीमुळे घट्ट फळे त्यांनी बरेच दिवस सोडली होती. भाजलेला आंबा चमच्याने सालीतून सुटून आला. दुधातल्या फळाबद्दलचे आपले जुने मत त्यांनी मागे घेतले असे नाही, परंतु दुसरा काप मागितला तो अननसाचा, आणि तोही साईसकट.

त्या घरात आल्यापासून आत्याबाई सर्वांबरोबर बसून गोड जेवल्याचे आम्ही प्रथमच पाहत होतो. ही गोष्ट आमच्या इतक्या उशिरा लक्षात यावी, याची आम्हाला थोडी लाजही वाटली. त्यानंतर आमच्याकडे बासुंदी होत नाही असे नाही. दसऱ्या-दिवाळीला ती होते आणि व्हावीही. परंतु उन्हाळ्यातील पाहुण्यांसाठी आता शेगडीच निघते.

वाचकांनी येत्या रविवारी हा प्रयोग अवश्य करून पाहावा. मात्र पहिली बशी कोणाच्या हाती द्यावयाची, हे जाळी तापण्यापूर्वीच ठरवून ठेवावे.